आईची गोष्ट सांगतंय कोण?

मराठीत आईवर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं बहुतेक दुसऱ्या कुठल्याच नात्यावर लिहिलं गेलं नसेल, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आईनं लिहिलेलंच नाहीये, मुलानं लिहिलंय. मुलगा मोठा झालेला असतो, घरापासून लांब असतो, कधी शहरात कधी तुरुंगात, आणि आई बहुतेक वेळा गेलेली असते. म्हणजे जिच्याबद्दल एवढं बोलणं चाललंय ती बोलायला तिथे नाहीच. हे एकदा लक्षात घेतलं ना की 'मातृत्वाच्या बदलत्या अपेक्षा' वगैरे जो जड विषय वाटतो तो बराच हलका होतो, कारण मग प्रत्येक काळात एकच विचारायचं: आईनं असं असावं हे म्हणतंय कोण, आणि त्याला तिच्याकडून नक्की काय पाहिजे?

अपेक्षा कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. कौतुक कशाचं होतं आणि टोमणा कशाला बसतो यावरून त्या कळतात. मुलाला सर्दी झाली आणि बाबा ऑफिसला गेले तर कोणी काही बोलत नाही, आई गेली तर शेजारच्या काकू 'बरं नाहीये ना त्याला?' एवढंच विचारतात, त्या एवढ्याशा प्रश्नात सगळं आलं.

आता जरा दीडशे वर्षं मागे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. नीट उपचार मिळाले असते तर वाचलं असतं हे त्यांच्या मनात बसलं आणि तिथून डॉक्टर व्हायची वाट सुरू झाली, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहितीय. पण तिच्यातली पहिली अर्धी बाजू त्या काळात अजिबात वेगळी नव्हती. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, झालेली मुलं जगतीलच याची खात्री नाही, म्हणून आशीर्वादच 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा. आठातली चार जगली तरी घर चाललं, शेत चाललं, वंश चालला. त्या काळी चांगली आई म्हणजे जिला मुलगे झाले ती. मूल वाढवायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं, याबद्दल तिच्याकडून फार काही मागितलंच जात नव्हतं, कारण वाढवायला आजी होती, काकू होती, आत्या होती, दहा वर्षांची मोठी बहीण कडेवर घेऊन फिरत होती. आज आपण सगळं एका बाईकडून मागतो ते तेव्हा चार-पाच बायकांत वाटलेलं होतं. म्हणजे तो काळ छान होता असं नाही हं, मूल न होणाऱ्या बाईचं त्या घरात काय व्हायचं ते विचारू नका. पूजेला नको, ओटीभरणाला नको, डोहाळजेवणात तिची सावली नको.

आणि त्याच आईपणाची दुसरी बाजू बघा. विधवेला दिवस गेले की जे सवाष्णीसाठी भाग्य तेच हिच्यासाठी थेट गुन्हा. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या नाहीतर ठेवून जा. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं आणि त्या काळच्या हिशोबानं त्यांना काय काय म्हटलं गेलं असेल याची कल्पना करा, पण आज त्यांना माऊली म्हणताना हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पुढे सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी झाली, आणि पेपरांतून सगळ्या बायकांच्या नावानं शिमगा सुरू झाला. त्यावर बुलढाण्यात बसून ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, १८८२ साली. त्यांचा सवाल सरळ होता, की मूल काय तिनं एकटीनं केलं? पुरुष कुठेय? दीडशे वर्षं होत आली, पण मला तर तो सवाल अजून जुना झालेला दिसत नाही.

मग येतात साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पुस्तक १९३५ ला आलं, आणि तेव्हापासून मराठी आईची मोजपट्टी तीच. पण नीट बघितलं तर या पुस्तकात अपेक्षाच बदललेली आहे. आता नुसता मुलगा जन्माला घालून भागत नाही, त्याला घडवायचंय. अंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो तेव्हा आई लुगड्याचा ओला पदर पसरते आणि सांगते की पायाला जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस. संस्कार म्हणतात ते हे. का आलं हे अचानक? कारण काळ स्वातंत्र्याच्या लढ्याचा होता, देशाला चारित्र्यवान माणसं हवी होती आणि ती घरात तयार होतात असं सगळ्यांना वाटत होतं. त्याआधीपासून मुलींच्या शाळांसाठी भांडणारे सुधारकही हेच सांगायचे, की बाई शिकली तर मुलं चांगली निघतील. म्हणजे बाईला शिकायची परवानगी मिळाली ती बाई म्हणून नाही, होऊ घातलेली आई म्हणून. फायदा झालाच, शाळा मिळाली, पण त्याची किंमतही ठरली: यापुढे मुलगा बिघडला तर दोष आईचा. 'आईनं काय शिकवलं नाही का' हे वाक्य तेव्हापासून जे चिकटलंय ते अजून सुटलेलं नाही.

'श्यामची आई'वर अन्याय मात्र नको करायला. आपल्या डोक्यात जी सतत रडणारी, मायाळू, त्यागी आई बसलीय ती बरीचशी नंतर तयार झालेली आहे. मूळ पुस्तकातली आई कडक आहे, पोहायला जायला घाबरणाऱ्या पोराला मारून विहिरीवर पाठवणारी आहे. आणि तिचं आयुष्य बघा ना, भाऊबंदकी, कर्ज, दारात येऊन वाट्टेल ते बोलणारा सावकाराचा माणूस, सततचं आजारपण, आणि शेवटी मुलगा पोचायच्या आधीच मरण. आपण या पुस्तकातून त्याग उचलला आणि गरिबी सोडून दिली. त्या बाईला पैशाची, औषधाची, विश्रांतीची गरज होती हे पुस्तकात स्पष्ट दिसतं, पण शाळेत धड्याखालच्या प्रश्नात 'आईचे कोणते गुण तुम्हांला आवडले' एवढंच विचारायचे. अत्र्यांचा सिनेमा १९५३ मध्ये आला, वनमालाबाईंनी आई केली, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. मग तर ही आई पक्कीच झाली.

त्याच १९५३ मध्ये, ऑक्टोबरात, र. धों. कर्वे गेले. या माणसाबद्दल इथे बोललंच पाहिजे, कारण ज्या काळात सगळा महाराष्ट्र आईला देवघरात बसवत होता त्याच काळात हा माणूस विचारत होता की बाईला आई व्हायचंय का हे तिला कोणी विचारलंय का? गणिताचे प्रोफेसर, १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्यातल्या एका खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. स्वतः ते आणि मालतीबाई, दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हं! आज कोणी जोडपं असं म्हणालं तर आपण 'काय ही आजकालची पिढी' म्हणतो.

कर्व्यांच्या या एका घरातच सगळा विषय सापडतो म्हणून अजून थोडं थांबतो. र. धों.ची भावजय इरावती कर्वे. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेली मानववंशशास्त्रज्ञ, मोठी विदुषी. त्यांचा 'परिपूर्ती' नावाचा छोटासा ललित लेख आहे. एका कार्यक्रमात त्यांची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी, आणि त्यांना वाटत राहतं की यात काहीतरी राहिलंय. मग रस्त्यानं जाताना पोरं आपसात कुजबुजतात की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चाललीय, आणि त्यांना वाटतं, हां, आता पूर्ण झालं. हा लेख आम्हाला आईची थोरवी म्हणून शिकवला गेला. मला तो आता वेगळाच दिसतो. ही आई आहे जी स्वतः बोलतेय, आणि तिला आईपणात खरंच आनंद आहे, तो खोटा म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. पण सगळ्या ओळखीत तिच्या स्वतःच्या कामाची ओळख कोणी करून देत नाही, आणि लेखाच्या शेवटी ती राहून गेली याची रुखरुखही उरत नाही! आता हे त्यांनी मिश्कीलपणे मुद्दाम केलं की मनापासून, यावर वाचणाऱ्यांनी भांडावं. मी मिश्कील बाजूला झुकतो.

त्यांची मुलगी गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया' पासून पुढे त्यांच्या गोष्टींतल्या बायका बघा, मुलांवर जीव आहे पण मुलं म्हणजेच आयुष्य असं त्या मानत नाहीत, प्रेमात पडतात, कंटाळतात, घर सोडून जातात, परत येतात किंवा येत नाहीत. काकानं विचारलं होतं आई व्हायलाच पाहिजे का, पुतणीनं विचारलं आई झाल्यावर बाई संपते का. दोन्ही प्रश्न एकाच घरातले, मध्ये पन्नासेक वर्षं. आणि हे सगळं पुण्यातलं शिकलेलं, पुस्तकं असलेलं घर होतं हेही विसरायचं नाही, कारण आता दुसरीकडे जायचंय.

बाबुराव बागुलांची 'आई' ही कथा सुरू होते वर्गात. मास्तर आईवरची सुंदर कविता शिकवतायत, वात्सल्य, माया वगैरे, पोरगा भारावून ऐकतोय, आणि वर्गातली पोरं त्याला त्याच्या आईवरून टोचून बोलतात. आई दलित, विधवा, कामावर जाणारी, आणि मुकादमाशी तिचं नाव जोडलं गेलेलं. त्या एका प्रसंगात बागुलांनी दाखवून दिलं की मराठी कवितेतली आई ही काही सगळ्यांची आई नाही. ज्या आईकडे घरात बसून माया करायला वेळ आहे, जिच्या अब्रूला घराच्या भिंती आहेत, तिची ती कविता. ज्या बाईला दिवसभर राबून पोराला जगवायचंय आणि वर स्वतःलाही थोडं जगावंसं वाटतंय, तिला त्या कवितेत जागाच नाही, आणि वाईट म्हणजे तिचं स्वतःचं पोरगंही तिला त्याच कवितेनं मोजायला लागतं. मराठीत आईवर यापेक्षा प्रामाणिक काही लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही.

खरं तर काम करणारी आई ही काही नवी गोष्ट नाहीच. आपण 'आजकाल बायका नोकऱ्या करायला लागल्या' असं म्हणतो ते आपल्या मध्यमवर्गापुरतं खरंय. रायगडावरची हिरकणी आठवा. सगळी गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, की दरवाजे बंद झाले म्हणून रात्री कडा उतरून बाळाकडे गेली. पण ती गडावर गेली कशाला होती? दूध विकायला. तान्हं बाळ घरी ठेवून कामाला गेलेली, आणि कामाच्या जागी वेळेत सुटका न झालेली आई आहे ती. आता एसटी स्टँडवर बाळाला पाजायच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' नाव दिलंय, ज्यानं कोणी ते सुचवलं त्याला गोष्ट बरोबर कळली होती.

मुंबईच्या गिरण्यांतही बायका होत्याच. बाळंतपणात मजुरी बुडायची, म्हणून बाई शेवटच्या दिवसापर्यंत उभी राहायची आणि ओल्या अंगानं परत यायची. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात यावर बिल आलं तेव्हा आंबेडकरांनी पाठिंबा देताना सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलला पाहिजे, पण तोपर्यंत जो मालक तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानं द्यायला हरकत काय. १९२९ ला तो कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. इथे काय झालं ते सोपं करून सांगतो: तोपर्यंत आईपण ही घरातली खाजगी गोष्ट होती, त्या दिवसापासून कायद्यानं मान्य केलं की ते कामही आहे आणि त्याला पैसे लागतात. कविता करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं.

तेव्हाचा प्रश्न आजही तिथेच अडकलाय. १९६१ चा केंद्राचा कायदा आला, २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. ऐकायला एक नंबर. पण या सव्वीस आठवड्यांचा पगार बहुतेक ऑफिसांत मालकानंच द्यायचा, सरकार त्यात काही घालत नाही, आणि खाजगी नोकरीतल्या बाबाला कायद्यानं एक दिवसही रजा नाही, केंद्र सरकारी नोकरीत आहे ती १५ दिवस. मग इंटरव्ह्यूला समोर लग्न झालेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी आणि त्याच वयाचा मुलगा बसला की समोरच्याच्या डोक्यात काय हिशोब होतो ते वेगळं सांगायला नको. कायद्यानं आईला रजा दिली आणि त्याच झटक्यात बाळ ही आईचीच जबाबदारी असंही लिहून टाकलं.

आणि हे तरी कोणाला? पगारपत्रक असणाऱ्यांना. बीडच्या ऊसतोड बायकांना यातलं काय मिळतं? तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'कोयता', मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा-सहा महिने फडावर राहायचं, एक दिवस खाडा झाला की दंड. पाळी आली, पोटात दुखलं, तर थांबायला जागाच नाही. गर्भाशय काढून टाकायच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारनं समिती नेमली, तेव्हा जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दोन-तीन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, असं सांगून. म्हणजे आई व्हायची अपेक्षा पूर्ण झाली की त्या शरीराकडून पुढची अपेक्षा फक्त न थांबता ऊस तोडायची. या बायकांवर कोणी 'वात्सल्यसिंधु' लिहित नाही.

सिनेमाकडे येऊ. पन्नास-साठच्या दशकात मराठी पडद्यावरची आई म्हणजे सुलोचनाबाई. १९६३ च्या 'मोलकरीण'मध्ये आई मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते, १९६८ च्या सिनेमाचं तर नावच 'एकटी'. थिएटरात बायका पदर डोळ्याला लावून बसायच्या. शहरात मुलगा शिकून साहेब झाला आणि गावाकडची आई मागे राहिली हा तेव्हाचा खराखुरा ताण होता, पण त्यावर सिनेमानं काढलेला उपाय एकच: आईनं सहन करायचं, मग शेवटी मुलाला पश्चात्ताप. मुलाचा पश्चात्ताप हाच आईचा पगार, असा साधा व्यवहार होता बघा.

हा व्यवहार मोडला रंगभूमीवर, तोही आधीच. १९६७ मध्ये तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं, सुलभा देशपांडे लीला बेणारे. नाटकातलं अभिरूप कोर्ट बसतं खेळ म्हणून, आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा, आणि हळूहळू कळतं की बेणारेबाईंना खरंच दिवस गेलेत आणि लग्न झालेलं नाही. मग ज्या कोर्टानं भ्रूणहत्या केली म्हणून तिला पिंजऱ्यात उभं केलं तेच कोर्ट निकाल देतं की हा गर्भ नष्ट करा! यातला दुटप्पीपणा इतका उघडा आहे की समजावून सांगायची गरजच नाही. तिला मूल हवंय, समाजाला नकोय, कारण वर बापाचं नाव नाही. ताराबाईंनी विचारलेलंच परत आलं की नाही?

नाटकानंतर चारच वर्षांनी, १९७१ मध्ये, गर्भपाताचा कायदा झाला. त्यात नको असलेल्या गर्भासाठी गर्भनिरोधक फसल्याचं कारण चालायचं, पण लग्न झालेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला. 'नवरा' काढून 'जोडीदार' हा शब्द यायला २०२१ उजाडलं, आणि अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंत तोच हक्क हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं. बेणारेच्या बाजूनं कायदा यायला पंचावन्न वर्षं लागली. बेणारेला मूल ठेवायचं होतं आणि ते ठेवायला लागणारी हिंमत अजून कुठल्या कायद्यात मिळत नाही, ते वेगळंच.

तेंडुलकरांनीच पुढे जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'ची पटकथा लिहिली, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून, सिनेमा आला १९८२ ला. सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, खात्यापित्या घरातली वकिलाची बायको, शिकलेली, लहान मुलगी आहे, आणि ती लांबच्या महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी घेते. मुलीला जाऊबाई सांभाळतात. हा सिनेमा आज कोणाबरोबर बघा, पहिला प्रश्न हाच येतो: अगं पण मुलीचं काय? बायकाच विचारतात. आता समजा हीच गोष्ट उलटी असती, वकील महाराजांनी लांबच्या गावी मोठी नोकरी घेतली असती आणि मुलगी घरी राहिली असती, तर सिनेमा झालाच नसता, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? गोष्टच उभी राहते ती आई गेली म्हणून. आणि एक बारीक गोष्ट मला फार खरी वाटते. परत आल्यावर मुलीला आई परकी झालेली असते, ती जाऊबाईंना धरून असते. सिनेमा आपल्याला खोटं सांगत नाही की सगळं नीट होईल, किंमत दाखवतो, आणि तरीही सुलभा चुकली असं म्हणत नाही. शेवटी ती परत बाहेर पडते. १९८२ मध्ये असा शेवट करायला हिंमत लागते, आणि मला तर वाटतं आज कोणी करणारही नाही, टेस्ट स्क्रीनिंगमध्येच बदलायला लावतील.

त्यानंतर मराठी मनोरंजनानं एक मधला रस्ता काढला. अशोक पाटोळेंचं 'आई रिटायर होतेय' हे नाटक, भक्ती बर्वे आई, जी जाहीर करते की मी आता घरकामातून निवृत्त. लोक हसले खूप, पण हसता हसता कळत होतं की ही नोकरी आहे आणि हिला रविवारसुद्धा नाही. मग डिसेंबर २०१९ ला टीव्हीवर 'आई कुठे काय करते!' सुरू झाली, २०२४ पर्यंत चालली. अरुंधती, नवऱ्याचं दुसरीकडे प्रकरण, घटस्फोट, स्वतःचं गाणं परत, नंतर दुसरं लग्नसुद्धा. मूळ मालिका बंगाली होती, 'श्रीमोयी'. मालिकांना नावं ठेवायची फॅशन आहे, मीही ठेवतो, पण तीन मुलांची मोठ्या वयाची आई दुसरं लग्न करते हे रोज संध्याकाळी साडेसातला सासू-सून एकत्र बसून बघत होत्या, ही साधी गोष्ट नाही. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' एवढ्या घरांत कधीच पोचलं नव्हतं. फक्त अरुंधतीला हे सगळं करायची परवानगी मिळते ती आधी पंचवीस वर्षं आदर्श आई असल्यावर, हेही खरं. पहिल्याच एपिसोडला ती गाण्याच्या क्लासला निघाली असती आणि पोरांना म्हणाली असती की डब्याचं बघा तुमचं, तर लोकांनी चॅनल बदललं असतं.

जन्म देणारी तीच आई का, हाही प्रश्न पडद्यावर आला. 'मला आई व्हायचंय!' मध्ये विदर्भातली बाई परदेशी जोडप्यासाठी पैसे घेऊन मूल वाढवते पोटात, आणि ते लोक सोडून जातात, हिंदीत याचाच 'मिमी' झाला. आता २०२१ च्या कायद्यानं पैसे घेऊन सरोगसी बंदच झालीय. आणि २०१८ च्या 'नाळ'मध्ये चैत्याला कळतं की आपली आई आपली आई नाही, तिथून सगळं. तो बघितला नसेल तर बघा, मी पुढचं सांगत नाही.

आज काय चाललंय? आकडे बघितले तर महाराष्ट्रात एका बाईला सरासरी १.७ मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे. म्हणजे अष्टपुत्रा वरून दीड-पावणेदोनवर आलो. मग आईचं काम कमी झालं असेल ना? उलट. मूल एक आणि त्याच्यावर लावायची मेहनत आठ मुलांची. सगळ्या जुन्या अपेक्षा तशाच आहेत आणि वर नव्या चढल्यात, आधीची एकही कोणी खाली उतरवली नाही. जन्म दे, पण तिशीच्या आत. मुलगाच हवा असं आता उघडपणे कोणी म्हणत नाही, पण २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७, आणि गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपणच केला होता, म्हणजे कळत होतंच. संस्कार श्यामच्या आईसारखे कर. पगार आण. डबा पौष्टिक दे, त्यात मैदा नको, आणि मुलानं तो संपवलाही पाहिजे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला मेसेज येतो, उद्या थर्माकोलचा किल्ला आणा, आणि त्या ग्रुपमध्ये नव्वद टक्के आया असतात, हा आकडा माझ्या अंदाजाचा, तुमचा ग्रुप उघडून मोजा. पूर्वी या सगळ्याला चार बायका होत्या. आता टू बीएचके मध्ये एक आहे, आणि मदतीला येणाऱ्या मावशी स्वतःचं पोर कोणाकडे ठेवून येतात ते आपण विचारत नाही. शहरातल्या आईची नोकरी टिकते ती दुसऱ्या एका आईच्या बिनरजेच्या कामावर, तिला ना सव्वीस आठवडे ना पाळणाघर.

ज्या मुली आता सरळ सांगतात की आम्हाला मूल नको, त्यांना स्वार्थी म्हणणाऱ्यांनी वरची यादी एकदा वाचावी. यातल्या कितीतरी जणींना मुलं आवडतात, त्यांना या कामाच्या अटी मान्य नाहीत एवढंच.

एक बदल मात्र अलीकडे कागदावर झाला. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मंत्रालयात दारांवरच्या पाट्याही बदलल्या, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पाटीवर त्यांच्या आईचं नाव आलं. चांगलंच झालं. फक्त त्याच निर्णयात लग्न झालेल्या बायकांच्या नावाची पद्धत आहे तशीच ठेवलीय, आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे मुलाच्या नावात आई आली, पण त्या आईच्या स्वतःच्या नावात तिची आई अजून कुठेच नाही.